गाडी मिसिंग मारते. पण दोष इंजेक्टरचाच कशावरून?

गणपतीत आणि शिमग्यात कोकणातल्या गॅरेजांपुढे एकाच तक्रारीच्या गाड्या रांगेनं लागतात: मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. सकाळी सेल्फ मारला की इंजिन थरथरतं, ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसतात, घाटात पिकअप मिळत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असतो. त्यावर हल्ली ठरलेलं उत्तर मिळतं: "इंजेक्टर गेले." मग साफसफाईचे पैसे जातात, तेवढ्यानं भागलं नाही तर नवा संच बसतो, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा तशीच. आरोप झाला, चौकशी मात्र राहूनच गेली.

चौकशी फार अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग मल्टिमीटर, मग प्रेशर गेज, आणि इंजेक्टर काढून हातात घेणं सगळ्यात शेवटी. बरीच गॅरेजं नेमकं उलटं करतात. खाली आधी पेट्रोल गाडीचं पाहू, कारण तिथं घरच्या घरी बरंच काही तपासता येतं. डिझेलचे नियम वेगळे आहेत, ते शेवटी.

इंजेक्टर करतो काय

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, मधोमध स्प्रिंगनं दाबून धरलेली सुई आणि टोकाला अतिशय बारीक भोकं. टाकीतला पंप रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, साधारण ३ ते ४ बार दाबानं पेट्रोल भरून ठेवतो. वेटोळ्यातून करंट गेला की सुई उचलली जाते आणि पेट्रोल धुक्यासारखं बारीक होऊन बाहेर पडतं. करंट तुटला की स्प्रिंग सुई पुन्हा खाली दाबते.

इंजेक्टरला दोनच वायरी असतात. एकीवर चावी ऑन केल्यावर मेन रिलेमार्फत १२ व्होल्ट येतात. दुसरी ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे जाते, आणि ईसीयू तिला क्षणभर अर्थ देतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडतो, तेवढ्यापुरता इंजेक्टर उघडतो. गरम इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना हा क्षण साधारण २ ते ४ मिलिसेकंदांचा असतो. त्यातला जवळपास १ मिलिसेकंद नुसता सुई उचलण्यात जातो. म्हणजे आयडलिंगला सुई जराशी जरी उशिरा उचलली तरी त्या सिलिंडरचं पेट्रोल लक्षात येण्याइतकं घटतं. तोच उशीर ८० च्या वेगात फारसा जाणवत नाही, कारण तिथं इंजेक्टर मुळातच जास्त वेळ उघडा असतो.

आता बिघाड चारच तऱ्हेचे संभवतात. एक, हुकूमच पोचत नाही. दोन, हुकूम पोचतो पण वेटोळं जळलंय किंवा तुटलंय. तीन, सुई उघडते पण भोकं तुंबलीत. चार, सुई नीट बसत नाही आणि बंद असतानाही पेट्रोल ठिबकतं. साफसफाईचा खरा उपयोग तिसऱ्याला, थोडाफार चौथ्याला. पहिल्या दोन तऱ्हांत तुम्ही इंजेक्टर दहा वेळा धुऊन घेतलात तरी फरक पडणार नाही. पहिल्या तऱ्हेत तर तो बिचारा निर्दोषच असतो.

खारा वारा, उंदीर आणि उभी गाडी

देवगड, मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत तपासणीची सुरुवात कपलरपासून, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटपासून करावी. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या प्लास्टिक कपलरला आत रबरी सील असतो. इंजिनच्या उष्णतेनं तो कडक होतो, आणि मग खारी दमट हवा आत शिरते. पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. डोळ्यांना ती नाममात्र वाटते, पण हिशेब करून बघा. साध्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम. समजा १३ आहे, तर १२ व्होल्टवर करंट सुमारे ०.९ अँपिअर. गंजलेल्या पिनेनं वाटेत ३ ओहम वाढवले की तोच करंट ०.७५ वर येतो. सुई उशिरा उचलते, आयडलिंगला सिलिंडर उपाशी राहतो आणि गाडी थरथरते. भुकटी काँटॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशनं काढा. पिनेचा पातळ मुलामा जाईल इतकं पॉलिश पेपरनं घासू नका. सील कडक झाला असेल तर कपलर बदललेला बरा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच खेळ.

उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको. पडवीला लागून उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली नारळाचा काथ्या, काजूची टरफलं, आंब्याची अर्धवट खाल्लेली बाठ सापडली की वायरिंग हातानं चाचपून पाहायचंच. १२ व्होल्टची वायर कुरतडून तुटली तर तो सिलिंडर बंद पडतो, एवढंच. ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीचं कव्हर कुरतडलं गेलं आणि उघडी तार इंजिनच्या धातूला टेकली, तर मात्र प्रकरण गंभीर होतं. इंजेक्टरला कायमचा अर्थ मिळतो, तो सतत उघडा राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचत जातं. सेल्फ मध्येच अडखळला, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा डिपस्टिकवरचं ऑइल पातळ होऊन वर चढलेलं दिसलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. साचलेल्या पेट्रोलवर पिस्टन आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचे, सिलिंडर मोकळे करायचे, ऑइल बदलायचं, मग वायरिंग.

चाकरमान्यांची गावातली गाडी जूनपासून गणपतीपर्यंत झाकून ठेवलेली असते. इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं थेंबभर पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट थर उरतो. भोकं तुंबण्याचं हे एक मोठं कारण. त्यातून आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. पंपाचं तोंडही तळाशीच, त्यामुळे पहिला घोट त्याचाच. शंका असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी रिकामी करणं हाच उपाय. इंजेक्टर पुसत बसण्यात अर्थ नाही. पावसाळ्यासाठी गाडी ठेवताना टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. शेजाऱ्याला नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू करायला सांगण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं रस्त्यावर फिरवायला सांगा.

आणखी एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण-महाड भागात असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. पुरातल्या गाडीचे कपलर बाहेरून चकाचक पुसता येतात, पण उघडून पाहिले तर पिनांच्या बुडाशी मातीचा बारीक गाळ सापडतो. इंजेक्टर, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) आणि ईसीयू यांचा एकेक कपलर उघडून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ गाड्यांना तो चालतोच, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांनाही चालतो.

कोड, म्हणजे ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचताना एक गल्लत सर्रास होते. पी०३०२ हा कोड इतकंच सांगतो की दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. का, ते सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर), सगळे अजून संशयित आहेत. पी०२०२ मात्र दोन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटबद्दल बोलतो, म्हणजे वायर, कपलर, वेटोळं किंवा ईसीयू. हा कोड दिसत असताना कुणी इंजेक्टर क्लीनिंग सुचवत असेल तर त्यानं कोडचा अर्थ पाहिलेला नाही. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला धरून नाही. अशा वेळी सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे इंधनाचा दाब, हवेची गळती आणि पेट्रोलचा दर्जा आधी बघायचा.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम पाहा. कोड नोंदला गेला तेव्हा आरपीएम किती होते, इंजिन गार होतं की गरम, लोड किती होता, हे सगळं तिथं असतं. गाडी आयडलिंगला मिस झाली की आंबोलीच्या चढावर, या एका माहितीनं निम्मं काम होतं.

मग फ्यूएल ट्रिम. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत असतो, त्याचा टक्केवारीतला आकडा म्हणजे ट्रिम. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आजूबाजूला, उणे-अधिक ५ पर्यंत असेल तर उत्तम. १० पर्यंत चालून जातं. अधिक १५-२० म्हणजे ईसीयूला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय. हा आकडा दोनदा पाहा: एकदा आयडलिंगला, एकदा २५०० आरपीएमला धरून. आयडलिंगला मोठा आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, कुठून तरी चोरून हवा शिरतेय. तडकलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. उलट रेस आणि लोड वाढेल तसा आकडा वाढत जात असेल, तर इंधन पुरत नाही: पंप, फिल्टर किंवा सगळेच इंजेक्टर तुंबलेले.

इथं ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा हिशेब धरायलाच हवा (ई१० म्हणजे १० टक्के). निव्वळ पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते; ई१० ला १४.१, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तितक्याच हवेला ई२० जास्त ओतावं लागतं. ई१० साठी जुळवलेल्या गाडीत ट्रिम यामुळेच चारेक टक्के वर सरकतो, त्याहून जुन्या गाडीत आठेक टक्क्यांपर्यंतही. अशा गाडीत अधिक ५ दिसलं म्हणून इंजेक्टर खोलायचं कारण नाही.

ट्रिमची एक मर्यादाही ओळखून असावं, कारण इथंच भले भले फसतात. समजा चारपैकी एकच इंजेक्टर २५ टक्क्यांनी तुंबलाय. सेन्सर एक्झॉस्टमध्ये चारही सिलिंडरांच्या एकत्र झालेल्या धुरापाशी बसलेला. त्याला सरासरी सहा टक्क्यांची तूट दिसते. ईसीयू चौघांनाही सात टक्के वाढवून देतो. परिणाम काय, तर तुंबलेला सिलिंडर अजूनही २० टक्क्यांनी उपाशी आणि बाकीचे तिघे सात टक्क्यांनी अजीर्ण झालेले. गाडी थरथरते, ॲव्हरेज पडतो, आणि स्क्रीनवर लाँग टर्म ट्रिम निवांतपणे अधिक ७ दाखवतो. ट्रिम ठीक आहे म्हणून इंजेक्टर ठीक आहेत, असं त्यावरून म्हणता येत नाही.

गाडीला सीएनजी असेल तर तुमच्याकडे आयतीच तपासणी आहे. गॅसवर गाडी गुळगुळीत आणि पेट्रोलवर मिस होत असेल, तर प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन तिन्ही बहुतेक सुटले. दोष पेट्रोलच्या बाजूचा. दोन्हींवर मिस होत असेल तर पेट्रोल इंजेक्टरचा नाद आधी सोडा. महिनोन्‌महिने गॅसवर पळणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर बसून राहून तुंबतात, हेही खरंच. आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर काढावेत.

आधी बाकीच्यांना सोडवून घ्या

दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉइल दोषी, प्रकरण मिटलं. तसंच प्लगचं. प्लग काढलाच आहे तर त्याचं टोक नीट बघून घ्या: पांढरं कोरडं असेल तर सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, काळं आणि ओलं असेल तर जास्त होतंय किंवा ठिणगी पडत नाही. प्लगच्या खोबणीत पाणी साचलेलं आहे का तेही पाहा. वॉशिंगवाल्यानं इंजिनावर प्रेशरनं मारलेलं पाणी तिथं आठवडाभर बसून असतं.

कॉम्प्रेशन तपासताना पंपाचा फ्यूज काढा, सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत १० बारच्या वर आकडा येतो. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर इंजेक्टर नव्हे, व्हॉल्व्ह किंवा रिंगा बघा.

आता इंजेक्टर

गाडी आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच डगमगतं. ईसीयू पुढच्या दोन-तीन सेकंदांत आरपीएम सावरतो, म्हणून लक्ष पहिल्या झटक्यावर ठेवायचं. ज्याचा कपलर काढून काहीच बदलत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. यासाठी कॉइलचा कपलर काढू नका. तसं केलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. नंतर नोंदले गेलेले कोड पुसायचे. हे फक्त साध्या पेट्रोल इंजिनात. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोलमध्ये आणि डिझेलमध्ये चालू इंजिनाच्या इंजेक्टर कपलरला हात लावायचा नाही. तिथं इंजेक्टर उघडण्यासाठी ६० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबानं करंट दिला जातो.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की टिक-टिक स्पष्ट ऐकू येते. चौघांचा आवाज सारखा हवा. एकाचा अजिबात नसेल तर तो उघडत नाही. मंद, बोजड असेल तर सुई अडकतेय. मात्र खणखणीत टिक-टिक म्हणजे फवारा चांगला, असं समजू नका. सुई व्यवस्थित हलत असूनही भोकं तुंबलेली असू शकतात.

चावी बंद, कपलर काढलेला, मीटर ओहमवर. १२ ते १६ च्या दरम्यान आणि चौघांत एखाद्या ओहमचाच फरक असेल तर वेटोळी ठीक. मीटरनं काहीच न दाखवणं म्हणजे तार तुटली. दोन-तीन ओहम किंवा शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट, आणि असा इंजेक्टर लावून ठेवला तर ईसीयूमधला ड्रायव्हरही जातो. गाडी गार असताना ठीक आणि अर्ध्या तासानं मिस होत असेल तर हेच मोजमाप गरम इंजिनावर करा. उष्णतेनं तुटणारं वेटोळं गार असताना पकडता येत नाही.

मग वायरिंग. चावी ऑन करून कपलरच्या एका पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा. काही गाड्यांत तो दोन-तीन सेकंदच राहतो, म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला बसवा. चौघांवरही नसेल तर फ्यूज किंवा मेन रिले. एकावरच नसेल तर त्याची वायर. नुसत्या मीटरवर मात्र विसंबू नका. शेवटच्या एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. पाच वॅटचा छोटा बल्ब त्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. बल्ब मंद पेटला तर वायर आतून गंजलीय.

ईसीयूचा हुकूम पाहायला नॉइड लाइट लागतो, म्हणजे इंजेक्टरच्या जागी कपलरमध्ये बसणारा छोटा दिवा. १ किलोओहमचा रेझिस्टर जोडलेल्या एलईडीवरही काम भागतं. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला तर हुकूम येतोय. चारही ठिकाणी लुकलुकत नसेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) किंवा इमोबिलायझरकडे (चोरीपासून बचाव करणारं कुलूप) वळा. एकाच ठिकाणी नसेल तर ईसीयूपर्यंतची वायर. आणि सतत पेटून राहिला तर वर सांगितलेला उंदरांचा उद्योग: वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय.

दाब आणि ठिबक

विजेची बाजू निर्धोक निघाली की रेलला प्रेशर गेज लावायचा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, गाडी उघड्यावर घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि बिडी-सिगारेटवाल्या प्रेक्षकांना लांब पाठवा; गावात गाडीभोवती ते जमतातच.

गेज बसला की फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद फिरतो आणि दाब मॅन्युअलमधल्या आकड्याला पोचतो, बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार. दाबच कमी असेल तर इंजेक्टरना बोल लावण्यात अर्थ नाही. इंजिन बंद केल्यावर दाब बराच वेळ टिकायला हवा. काही मिनिटांतच खाली आला तर एक तर पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह गळतोय किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय.

ठिबकणाऱ्या इंजेक्टरची एक ठळक खूण आहे. गार असताना गाडी पटकन सुरू होते. बाजारात वीस मिनिटं उभी करून परत आलात की सेल्फवर सेल्फ, मग काळा धूर आणि पेट्रोलचा वास. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत या स्थितीत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत घेतो. एरवी न लागणारी गाडी अशी लागली तर सिलिंडर पेट्रोलनं ओले झाले होते, हे नक्की. कुठला इंजेक्टर, ते पाहायला रेल इंजेक्टरांसकट वर उचलून, पाइप तसेच ठेवून, दाब भरतात आणि टोकांखाली कोरडा कागद धरतात. मिनिटाला एका थेंबाहून जास्त पडला तर तो बाद. हे काम मेस्त्रीच्या देखरेखीखालीच करावं.

तुंबलेला कुठला, हे ठरवायलाही दाबच उपयोगी पडतो. स्कॅनरनं किंवा पल्स देणाऱ्या टेस्टरनं एकेक इंजेक्टर सारखाच वेळ उघडायचा आणि दर वेळी दाब किती उतरला ते लिहायचं. तिघांनी ०.४ बार उतरवला आणि एकानं ०.२, तर त्या एकातून पेट्रोल कमी जातंय.

एवढं झाल्यावर इंजेक्टर काढा. संशयिताची जागा शेजाऱ्याशी बदलून मिसिंग त्याच्याबरोबर सरकतं का ते बघा; याहून पक्का पुरावा नाही. दर वेळी ओ-रिंग नव्या, बसवताना त्यांना इंजिन ऑइलचा हात. कोरडी ओ-रिंग कातरली जाते आणि मग पेट्रोल गळतं किंवा हवा शिरते. हल्ली काही इंजिनांत एका सिलिंडरला दोन-दोन इंजेक्टर असतात, तिथं अदलाबदल करताना खुणा करून ठेवा.

साफसफाई अल्ट्रासॉनिक टाकीत आणि टेस्ट बेंचवर करून घ्यावी, आणि साफ करण्याआधीचे व नंतरचे मिलिलिटरचे आकडे लिहून मागावेत. आधी ५०, ४९, ५१, ३८ असं असेल आणि नंतर ५१, ५०, ५१, ४९ झालं, तर पैसे सत्कारणी लागले. चौथा ४२ वरच अडला तर तो बदला. चारही मिळून पाच टक्क्यांच्या आत यायला हवेत. फवाराही डोळ्यांनी बघा. बारीक धुकं हवं, पिचकारी नको. टाकीत ओतायच्या क्लीनरनं हलका थर निघतो, ठिबक किंवा वेटोळं दुरुस्त होत नाही. भोकांत तार किंवा सुई घालणं, इंजेक्टर थेट बॅटरीला लावून धरून ठेवणं, हे दोन्ही उद्योग चांगला इंजेक्टर मारायचे हमखास मार्ग आहेत.

डिझेलचे नियम वेगळे

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल मिळणाऱ्या आजच्या इंजिनांत, आयडलिंगलाच रेलचा दाब २५० ते ३५० बार असतो, जोर लावल्यावर १६०० किंवा त्याहून वर. जुन्या डिझेलवर मेस्त्री पाइपाचे नट सैल करून कुठला सिलिंडर मेला ते बघायचे. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आरपार आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. ओहम मीटरही इथं फारसा उपयोगाचा नाही, कारण बऱ्याच डिझेल इंजेक्टरांचा रेझिस्टन्स एका ओहमपेक्षा कमी असतो.

इथली मुख्य तपासणी रिटर्नची. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परत टाकीकडे जातं. रिटर्नचे पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत पारदर्शक नळ्या सोडतात, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करतात आणि गाडी दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवतात. तीन बाटल्यांत २० मिली आणि चौथीत ६५ आलं, तर चौथा आतून झिजलाय. गाडी सुरूच होत नसेल तर नुसता सेल्फ मारून बघतात. एकच इंजेक्टर सगळं डिझेल परत सोडत असला की रेलमध्ये दाब धरत नाही, आणि साधारण २०० बारच्या आत ईसीयू इंजेक्शन सुरूच करत नाही. स्कॅनरवर रेल प्रेशर पाहिलं की हे कळतं. पिझो इंजेक्टरांना (वेटोळ्याऐवजी विजेनं फुगणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) ही बाटल्यांची पद्धत लावू नये, त्यांना रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो.

चालू इंजिनात "फुस-फुस" आवाज आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला, तर इंजेक्टर शाबूत आहे. त्याखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. लवकर बदलला तर काम स्वस्तातलं. तसंच चालवलं तर तो थर दगडासारखा होऊन इंजेक्टर हेडमध्ये चिकटतो. किनाऱ्यावरच्या गाडीत क्लँपचा बोल्टही गंजलेला असतो, त्यामुळे आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. बसवताना बैठक कटरनं साफ करून नवाच वॉशर घालायचा.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू अधूनमधून सोडून पाणी काढत जा, आणि पाण्याचा दिवा पेटला तर त्याच दिवशी. पाण्यानं इंजेक्टरमधले भाग गंजतात, आणि ते पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा कितीतरी महाग आहेत.

नवा डिझेल इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावर छापलेला कोड बहुतेक गाड्यांत स्कॅनरनं ईसीयूमध्ये भरावा लागतो. त्या नगाचा कारखान्यात मोजलेला बारीकसा फरक त्या कोडमध्ये असतो. कोड न भरताही गाडी सुरू होते, चालते, म्हणून ही पायरी सर्रास वगळली जाते. मग आयडलिंगला खडखड आणि धूर सुरू झाला की नव्या नगालाच नावं ठेवली जातात. सिलिंडरांत अदलाबदल केली तरी कोडही बदलायचे. इंजेक्टर एकदा बसला की त्यावरचा कोड वाचणं मुश्कील होतं, म्हणून आधीच फोटो काढून ठेवा आणि बिलावरही लिहून घ्या. ईसीयू बदलायची वेळ आली तर तेच चार कोड पुन्हा लागतात.